पाइनच्या जंगलातील वाद्यवृंद

पाश्चात्त्य वाद्य शिकणारे मूल वर्षातील बहुतेक काळ एकटे असते. आठवड्यातून एकदा शिक्षकासमोर उभे राहणे, उरलेले दिवस घरातील खोलीचे दार लावून सराव करणे आणि शाळेच्या वाद्यवृंदात काही तास इतरांबरोबर वाजवणे, असा त्याचा क्रम असतो. वर्गातील इतर मुलांना त्याचे व्हायोलिन किंवा त्याचा ओबो हा एक छंद वाटतो, घरच्यांना त्याचे कौतुक वाटते, आणि आपण खरोखर कितपत चांगले वाजवतो हे पडताळून पाहण्याचे साधन त्याच्या हाती फारसे नसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवडे चालणारी निवासी संगीत शिबिरे अमेरिकेत गेल्या सुमारे शंभर वर्षांत रुजली, त्यामागे अनेक कारणे आहेत. परंतु तेथे गेलेल्या मुलांच्या अनुभवाचा गाभा शोधू गेल्यास तो या एकटेपणाच्या अंतात आणि त्याबरोबरच येणाऱ्या एका धक्क्यात सापडतो. आपल्यासारखी शेकडो मुले अस्तित्वात आहेत आणि त्यांतील पुष्कळ आपल्यापेक्षा चांगली वाजवतात, हे मुलाला तेथे पहिल्याच दिवशी कळते. स्वतःचे हे खरे माप समजल्यानंतर मुलाने त्याचे काय करावे, या प्रश्नाला निरनिराळ्या शिबिरांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत, आणि एखादे शिबिर मुलाला काय देते हे पुष्कळ अंशी त्या उत्तरावर ठरते.

या शिबिरांची मुळे अमेरिकेतील सरकारी शाळांच्या संगीतशिक्षणात आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील शाळांत संगीत म्हणजे मुख्यतः समूहगान असे. वाद्यवादन हे खासगी शिकवणीचे आणि म्हणून सुस्थितीतील कुटुंबांचे क्षेत्र होते. जोसेफ मॅडी हा तरुण वादक १९१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहराच्या शाळांचा वाद्यसंगीत पर्यवेक्षक झाला, आणि सार्वजनिक शाळांत अशा स्वतंत्र पदावर नेमला गेलेला तो देशातील पहिला मनुष्य मानला जातो. मिनियापोलिसच्या शाळांतील संगीत पर्यवेक्षक थॅडियस गिडिंग्ज यांच्या साहाय्याने त्याने एक शिक्षणपद्धती तयार केली, जिच्यात व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन अशी वेगवेगळी वाद्ये हाती घेतलेली मुले एकाच वर्गात, एकाच शिक्षकाकडून, एकाच वेळी शिकू शकत. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला घडवावे या रूढ कल्पनेपासून ही पद्धत फार दूर होती. मुलाने सुरुवातीपासूनच इतरांच्या आवाजात आपला आवाज मिसळावा, हे तिचे गृहीतक होते.

१९२६ मध्ये संगीत पर्यवेक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेसाठी मॅडीने देशभरातील माध्यमिक शाळांतून निवडलेल्या दोनशेहून अधिक मुलांचा वाद्यवृंद डेट्रॉइट येथे उभा केला आणि पुढील वर्षी डॅलस येथे तो प्रयोग पुन्हा केला. आपापल्या गावी शाळेतील एकमेव चांगला हॉर्नवादक किंवा एकमेव चांगली चेलोवादक असलेली ही मुले काही दिवस एकत्र राहिली, मोठ्या रचना वाजवून गेली आणि निरोपाच्या वेळी त्यांना एकमेकांपासून दूर जाववेना. ही मुले दरवर्षी काही दिवसांऐवजी काही आठवडे एकत्र आली तर काय होईल, या विचारातून शिबिराची कल्पना पुढे आली. मिशिगन राज्याच्या वायव्य भागात, ट्रॅव्हर्स सिटीजवळ, दोन सरोवरांच्या मधल्या पाइनच्या जंगलात विलिस पेनिंग्टन या गृहस्थांचे एक हॉटेल आणि मुलामुलींची उन्हाळी शिबिरे होती. इंटरलॉकन नावाच्या त्या जागी १९२८ च्या उन्हाळ्यात शंभराहून थोडी अधिक मुले घेऊन मॅडी आणि गिडिंग्ज यांनी राष्ट्रीय शालेय वाद्यवृंद शिबिर सुरू केले. झाडांच्या सावलीत उघड्यावर बांधलेला वाडग्याच्या आकाराचा रंगमंच त्याच वर्षी उभा राहिला. पुढे या शिबिराला नाट्य, नृत्य, चित्रकला आणि लेखन यांची जोड मिळाली व १९६२ पासून त्याच आवारात वर्षभर चालणारी निवासी कलाशाळाही सुरू झाली. तरी त्या जागेची ओळख आजही प्रथम उन्हाळ्याशी आणि वाद्यवृंदाशी जोडलेली आहे.

पोहोचल्यावर मुलाला सर्वप्रथम गणवेश मिळतो. फिकट निळा शर्ट आणि गडद निळ्या कॉर्डरॉयची विजार, असा इंटरलॉकनचा पोशाख अनेक दशके चालत आला असून मोज्यांच्या रंगावरून वयोगट ओळखण्याची पद्धतही तेथे होती. पाहुणे म्हणून आलेल्या नामवंत संगीतकारांनीही तोच पोशाख घालावा, असा शिबिराचा आग्रह असे; लष्करी बँडच्या संगीतासाठी जगप्रसिद्ध असलेले जॉन फिलिप सूझा सत्तरी ओलांडल्यावर तेथे आले तेव्हा तेही त्याला अपवाद ठरले नाहीत, आणि १९३१ मध्ये त्यांनी या शिबिरासाठी ‘नॉर्दर्न पाइन्स’ हे संचलनगीत रचले. श्रीमंत घरातील आणि शिष्यवृत्तीवर आलेली मुले कपड्यांवरून वेगळी दिसू नयेत, हा या नियमाचा मोठा लाभ होता. मात्र गणवेशाने पुसलेला भेद दुसऱ्याच दिवशी वेगळ्या रूपात परत येई, कारण त्या दिवशी आसनचाचणी असे.

वाद्यवृंदातील तंतुवाद्ये गटागटाने बसतात आणि प्रत्येक गटात जागांचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या व्हायोलिनांच्या गटातील पहिल्या आसनावर बसणारा वादक हा सबंध वाद्यवृंदाचा प्रमुख वादक मानला जातो. सर्वांनी वाद्ये जुळवून घ्यावीत म्हणून तो उभा राहतो, गज कोणत्या दिशेने चालवायचा हे ठरवतो आणि वाद्यवृंदाच्या वतीने संचालकाशी बोलतो. इतर गटांनाही असाच एकेक प्रमुख असतो. घरच्या शाळेत वर्षानुवर्षे पहिल्या आसनावर बसलेले मूल येथे चाचणीनंतर फलकावर लावलेल्या यादीत आपले नाव वरून शोधू लागते आणि ते चौदाव्या किंवा अठराव्या जागी सापडते, तेव्हा त्याला होणारे दुःख मोठ्या माणसांना सहज क्षुल्लक वाटते. ते क्षुल्लक नसते. बारा-तेरा वर्षांच्या ज्या मुलाची स्वतःविषयीची सारी कल्पना एका कौशल्याभोवती बांधलेली आहे, त्याच्यासाठी ती यादी म्हणजे आपण कोण आहोत या प्रश्नाचे नवे उत्तर असते, आणि ते उत्तर त्याला आईवडिलांपासून शेकडो मैल दूर, अनोळखी मुलांनी भरलेल्या लाकडी खोलीत पचवायचे असते. शिबिरातील पहिला आठवडा घराच्या आठवणीने जड जातो असे म्हणतात, पण त्या रडण्यात ही यादीही पुष्कळदा मिसळलेली असते.

त्यानंतर दिवसाचा वेगच असा असतो की दुःख करीत बसायला सवड मिळत नाही. सकाळी सगळ्या वाद्यवृंदाची तालीम होते. मग गटवार तालीम, म्हणजे केवळ व्हायोला किंवा केवळ फ्रेंच हॉर्न वाजवणाऱ्यांनी एका शिक्षकासह बसून अवघड जागा सोडवण्याचा तास असतो. दुपारी एकट्याचा सराव, आणि त्यानंतर चेंबर म्युझिक, ज्यात तीन-चार वादक संचालकाशिवाय, प्रत्येक जण स्वतंत्र भाग सांभाळून, केवळ एकमेकांच्या श्वासाकडे व गजाकडे पाहून वाजवतात. संध्याकाळी कोणाची तरी मैफल असतेच. शाळेचा वाद्यवृंद एका कार्यक्रमासाठी तीन-चार महिने तयारी करतो, तर इंटरलॉकनच्या मुख्य वाद्यवृंदाला जवळजवळ दर आठवड्याला नवा कार्यक्रम उभा करावा लागतो. त्यामुळे स्वरलेखन समोर येताच पहिल्याच वाचनात ते वाजवण्याची सवय मुलांना लागते आणि सगळे स्वर हाती आल्याखेरीज संगीताकडे वळायचेच नाही, ही घरच्या सरावातून आलेली सावध वृत्ती काही दिवसांतच मोडते. चुकलेला स्वर मागे सोडून पुढच्या तालमात्रेवर सर्वांबरोबर असणे हे कौशल्य एकट्याच्या खोलीत शिकता येत नाही.

उघड्या हवेचे आपले वेगळे शिक्षण असते. थंड संध्याकाळी फुंकवाद्यांचा स्वर उतरतो आणि तंतुवाद्यांच्या तारा आकसून त्यांचा स्वर चढू पाहतो, त्यामुळे सकाळी नीट जुळलेला वाद्यवृंद रात्री सरोवराकाठी पुन्हा नव्याने जुळवावा लागतो. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून स्वरलेखनाच्या स्टँडला कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावतात. लाकडी वाद्य उन्हात ठेवले तर तडकू शकते, दमट हवेत गजाचे केस सैल पडतात. ओबो आणि बासून वाजवणाऱ्यांची तर निराळीच शाळा भरते. या वाद्यांत वेताच्या जातीच्या एका वनस्पतीपासून घासून केलेली दोन पातळ पात्यांची रीड तोंडात धरून फुंकतात. ती फार काळ टिकत नाही, विकत घेतलेली प्रत्येकाच्या तोंडाला बसत नाही, म्हणून चांगला वादक ती स्वतः तयार करायला शिकतो. लहान गावातील ओबो शिकणाऱ्या मुलाला हे दाखवणारे कोणी भेटत नाही, आणि शिबिरात त्याला सुरी धरायची कशी हे शिक्षकाच्या आधी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी मुलगी शिकवते. मोठ्या मुलांकडून लहानांकडे आपोआप पोहोचणारे असे ज्ञान हा शिबिराचा फारसा न लिहिला गेलेला अभ्यासक्रम होय.

इंटरलॉकनच्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त प्रथा म्हणजे तेथील साप्ताहिक आव्हाने. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी प्रत्येक गटातील शेवटच्या आसनावरील वादक त्या आठवड्याच्या कार्यक्रमातील एखादा उतारा वाजवी, त्याच्या वरच्या आसनावरील वादक तोच उतारा वाजवी, आणि गटातील बाकीची मुले पाठ फिरवून किंवा डोळे मिटून दोघांपैकी कोणी चांगले वाजवले याविषयी हात वर करून मत देत. खालच्याला अधिक मते पडली तर दोघांच्या जागा बदलत, आणि जिंकलेला वादक त्याच्या वरच्याला आव्हान देई. अशा रीतीने क्रम थेट पहिल्या आसनापर्यंत जाई. अनेक दशके ही पद्धत चालली आणि तेथून गेलेल्या पिढ्यान्पिढ्यांच्या मनात त्या दिवसाची भीती घर करून राहिली. तिच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे: शिक्षकाच्या मर्जीवर काही अवलंबून नसे, मागच्या वर्षीच्या कीर्तीचा उपयोग होत नसे, शेवटच्या रांगेतील अनोळखी मुलालाही वर चढण्याची वाट दर आठवड्याला खुली असे, आणि पाठ फिरवून ऐकणाऱ्या मुलांना स्वरशुद्धता, लय व आवाजाची गोलाई यांत बारकाईने फरक करण्याची सवय लागे. पुढे व्यावसायिक वाद्यवृंदांच्या निवडचाचण्यांत पडद्याआडून वाजवण्याची जी रीत सर्वत्र आली, तिच्याशी याचे नाते उघड आहे.

तरीही या पद्धतीविरुद्धचे पारडे जड आहे, असे मानावे लागते. ज्या मुलांनी एका गटात बसून एकाच आवाजात वाजवायचे, त्यांनाच दर आठवड्याला एकमेकांविरुद्ध उभे केल्यास शेजारचा वादक हा सहकारी राहत नाही, आणि मूल संगीत ऐकण्याऐवजी चूक ऐकू लागते. शिवाय अशा चाचणीत जिंकतो तो बहुधा सावधपणे वाजवणारा. एखादा जोखमीचा, मनाला भिडणारा स्वरविस्तार पाठ फिरवलेल्या बारा परीक्षकांपुढे करून पाहण्याचे धैर्य कोण करील? स्वतःचे माप कळणे मुलाच्या वाढीसाठी आवश्यक आहे, परंतु ते दर सात दिवसांनी सर्वांसमोर पुन्हा घेतले जाऊ लागले की माप हेच शिक्षणाचे प्रयोजन बनते. अनेक वाद्यवृंदांत आज जागा आळीपाळीने बदलतात, जेणेकरून प्रत्येक मुलाला पुढे बसून नेतृत्व करण्याचा आणि मागे बसून साथ देण्याचा असे दोन्ही अनुभव मिळतात. मागच्या आसनावरून वाजवणे हे अधिक अवघड असते, कारण तेथे आवाज उशिरा पोहोचतो आणि कान व डोळा यांची सांगड स्वतःलाच घालावी लागते. ही गोष्ट पहिल्या आसनाशी बांधलेल्या मुलाला कधीच कळत नाही.

त्याच शिबिराने याच्या अगदी उलट भावनेची एक प्रथाही घडवली. अमेरिकन संगीतकार हॉवर्ड हॅन्सन यांची दुसरी सिंफनी बॉस्टन येथे १९३० मध्ये प्रथम सादर झाली. तिच्या पहिल्या भागातील एक संथ, आर्त स्वरावली इंटरलॉकनने आपली खूण म्हणून स्वीकारली आणि ती प्रत्येक मैफलीच्या अखेरीस वाजवली जाऊ लागली. पाहुणा संचालक त्या वेळी मंचावरून बाजूला होतो, प्रमुख वादक म्हणजे मुलांपैकीच एक जण संचालन करतो, आणि स्वर संपल्यावर टाळ्या न वाजवता सर्वांनी शांतपणे उठून जायचे असते. कौतुकाची सवय लागलेल्या मुलांना टाळ्यांशिवाय वाजवणे म्हणजे काय, हे त्या काही मिनिटांत कळते. हंगामाच्या शेवटच्या दिवशी फ्रांझ लिस्ट यांचे ‘ले प्रेल्यूद’ हे सिंफनी-काव्य वाजवण्याचा प्रघात आहे, आणि ते संपल्यावर ही स्वरावली त्या उन्हाळ्यापुरती अखेरची ऐकू येते.

शिबिराचा नावलौकिक वाढला तो काही प्रमाणात रेडिओमुळे, कारण तेथील मुलांच्या मैफली १९३० च्या दशकात राष्ट्रीय प्रसारणातून देशभर पोहोचत होत्या. लोरिन माझेल हा पुढे जगद्विख्यात झालेला संचालक वयाच्या अवघ्या नवव्या वर्षी, १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात, इंटरलॉकनच्याच वाद्यवृंदासमोर उभा राहिला होता. परंतु १९४२ मध्ये वादकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी, मुलांच्या विनामोबदला वादनाने व्यावसायिक वादकांची रोजी बुडते, या कारणास्तव हे प्रसारण बंद पाडले. हा वाद इतका पेटला की अखेर १९४६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रेडिओवरील अशा बंदीला आळा घालणारा कायदा केला. पेट्रिलो यांची चिंता निराधार नव्हती, कारण ध्वनिमुद्रणे आणि रेडिओ यांमुळे नाट्यगृहांतील व चित्रपटगृहांतील हजारो वादकांची नोकरी खरोखरच गेली होती. मात्र त्या लढ्यासाठी निवडलेले लक्ष्य चुकीचे होते.

इंटरलॉकनच्या गजबजाटाच्या दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉनडॅक पर्वतात मेडोमाउंट हे शिबिर आहे. तब्रिझमध्ये जन्मलेले, मॉस्कोत व पॅरिसमध्ये शिकलेले आर्मेनियन वंशाचे व्हायोलिनशिक्षक इव्हान गलामियन यांनी ते १९४४ मध्ये स्थापन केले. येथे आव्हाने नाहीत की गणवेशाचा थाट नाही. येथे सराव आहे. विद्यार्थ्यांनी रोज सुमारे पाच तास आपापल्या लहानशा खोलीत सराव करावा, तासातील पन्नास मिनिटे वाजवून दहा मिनिटे विश्रांती घ्यावी, अशी शिस्त असून आवाज थांबला तर दारावर टकटक करणारा कोणी तरी बाहेर फिरत असतो. गलामियन यांचा भर मात्र तासांच्या संख्येपेक्षा डोके वापरून केलेल्या सरावावर होता: अवघड ओळ अतिशय संथ घ्यावी, तीच ओळ निरनिराळ्या लयबंधांत आणि गजाच्या निरनिराळ्या गटांत बदलून वाजवावी, जेणेकरून बोटांना आदेश देणारे मन आळसावणार नाही. आपल्याकडे पलटे निरनिराळ्या लयीत आणि निरनिराळ्या आघातांनी घोटण्याची जी रीत आहे, तिच्यामागील विचार यापेक्षा वेगळा नाही. इत्झाक पर्लमन, पिंकस झुकरमन, यो-यो मा यांच्यासारखे वादक कोवळ्या वयात येथे राहून गेले. जोशुआ बेल बाराव्या वर्षी येथे आला आणि पुढे त्याला घडवणारे जोसेफ गिंगोल्ड त्याला येथेच भेटले. एकांतवास असूनही तेथील मुलाला एकटे वाटत नाही, कारण पातळ लाकडी भिंतीपलीकडून दुसऱ्या कोणाचा तरी संथ सराव सतत ऐकू येत असतो. उत्तम वाजवणाऱ्याचा सरावही अडखळतच होतो, हे त्या भिंतीतून कळते.

एवढ्या वादनाचा भार शरीरावर पडतो, आणि या विषयाकडे पूर्वी झालेले दुर्लक्ष अक्षम्य म्हणावे असे होते. घरी दिवसाला तासभर वाजवणारे मूल शिबिरात एकदम पाच-सहा तास वाजवू लागले की मनगट, कोपर, खांदा आणि मान यांच्या स्नायूंना व स्नायुबंधांना सूज येण्याचा धोका वाढतो. सरावाच्या वेळेत अचानक झालेली वाढ हे वादकांच्या दुखापतींचे एक ज्ञात कारण आहे. हाडे वाढीच्या वयात असलेल्या मुलाला वेदना म्हणजे मेहनतीची पावती वाटते, आणि शेजारचा थांबत नाही म्हणून तोही थांबत नाही. शिबिराला निघण्यापूर्वी काही आठवडे सरावाचा वेळ थोडा थोडा वाढवत नेणे, दुखू लागताच वाद्य खाली ठेवणे आणि ते शिक्षकाला निःसंकोच सांगणे, एवढे जरी पालकांनी मुलाच्या मनावर ठसवले तरी बरेच नुकसान टळते.

मेडोमाउंटच्याच मैफलीत तरुण पर्लमन यांचे वादन ऐकून भारावलेली टोबी फ्रीडलँडर ही व्हायोलिनची विद्यार्थिनी पुढे त्यांची पत्नी झाली, आणि १९९० च्या दशकात तिने स्वतः तरुण तंतुवादकांसाठी एक उन्हाळी शाळा सुरू केली, जी पुढे न्यूयॉर्क राज्यातील शेल्टर आयलंड या बेटावर स्थिरावली. स्पर्धेने दमलेल्या अत्यंत गुणी मुलांना निर्धास्तपणे वाढता यावे, हा त्या शाळेचा हेतू असून तेथील दोन प्रथा विशेष मनावर घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की प्रत्येक वादकाला रोज समूहगानात गावेच लागते. सोळाव्या वर्षी अवघड कंचेर्टो सहज वाजवणारे मूल गाताना मात्र इतरांइतकेच नवखे असते, त्याच्या गळ्याला कोणताही क्रमांक नसतो, आणि ओळीत श्वास कुठे घ्यायचा हे त्याला गज हातात नसताना उमगते. दुसरी अशी की तेथे अपुऱ्या तयारीच्या रचना श्रोत्यांपुढे मांडल्या जातात. पूर्ण झालेले तेवढेच दाखवायचे, या दडपणाखाली वाढलेल्या मुलाला अर्धवट अवस्थेतील काम लोकांसमोर ठेवता येणे, हे फार मोठे स्वातंत्र्य आहे. स्वतःचे माप कळलेल्या मुलाला इंटरलॉकनने शिडी दिली आणि मेडोमाउंटने बंद खोली दिली. शेल्टर आयलंडच्या शाळेने त्याला इतरांबरोबर गायला लावले, आणि तीन उत्तरांत हे उत्तर सर्वांत शहाणपणाचे वाटते.

गाण्याचे हे महत्त्व मॅसॅच्युसेट्स राज्यातील टँगलवुड येथेही आरंभापासून ओळखले गेले. बॉस्टन सिंफनीचे संचालक सर्गेई कुसेवित्स्की यांनी १९४० मध्ये तेथे उन्हाळी संगीतकेंद्र उघडले, तेव्हा उद्घाटनाला सर्व विद्यार्थ्यांनी मिळून काही गावे म्हणून रँडल थॉम्पसन यांच्याकडून रचना मागवली होती. ‘ॲलेलुया’ या जवळजवळ एकाच शब्दाच्या त्या रचनेच्या छापील प्रती कार्यक्रमाच्या जेमतेम पाऊण तास आधी पोहोचल्या आणि तेवढ्यात बसवून ती गायली गेली. तेव्हापासून दर हंगामाचा आरंभ तिनेच होत आला आहे. लेनर्ड बर्नस्टाइन त्या पहिल्याच तुकडीत विद्यार्थी होते. हे केंद्र प्रौढत्वाच्या उंबरठ्यावरील संगीतकारांसाठी असले तरी शाळकरी वयाच्या मुलांसाठी बॉस्टन विद्यापीठाने १९६६ पासून त्याच परिसरात स्वतंत्र शिबिर चालवले आहे, आणि त्या मुलांचे खरे भाग्य म्हणजे एका श्रेष्ठ व्यावसायिक वाद्यवृंदाच्या तालमी त्यांना जवळून ऐकायला मिळतात.

मुंबईचे सुपुत्र झुबिन मेहता यांच्या जडणघडणीतही असे उन्हाळे आहेत. मुंबईत पाश्चात्त्य वाद्यवृंद उभा करणाऱ्या मेहली मेहता यांचा हा मुलगा व्हिएन्नात शिकत असताना १९५६ च्या उन्हाळ्यात इटलीतील सिएना येथे कार्लो झेक्की यांच्या संचालन वर्गाला गेला, आणि तेथे त्याच्याबरोबर क्लॉडिओ अबाडो व अवघ्या तेरा वर्षांचा डॅनिएल बॅरेनबॉइम होते. मेहता आणि अबाडो १९५८ मध्ये टँगलवुडच्या उन्हाळी वर्गातही एकत्र होते. या तिघांची मैत्री पुढे अर्धशतकाहून अधिक टिकली. त्या उन्हाळ्यात झेक्की यांनी काय शिकवले यापेक्षा त्या वयात एकमेकांच्या तोडीचे तिघे एकमेकांना भेटले, ही गोष्ट अधिक मोलाची ठरली असावी.

महाराष्ट्रातील वाचकाला या साऱ्यात काही ओळखीचे आणि काही परके वाटणे स्वाभाविक आहे. निवासी संगीतशिक्षण आपल्याला नवे नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा त्यांच्याजवळ राहून वर्षानुवर्षे शिकणारे शिष्य हाच त्या संस्थेचा कणा होता. परंतु आपली घडण एका गुरूभोवती आणि एका गळ्याभोवती होते, शेजारी बसलेल्या गुरुबंधूच्या आवाजात आपला आवाज पूर्णपणे विरघळवणे हे आपल्या शास्त्रीय संगीताचे ध्येय नसते. म्हणून सुट्टीतील गायन-वादनाची आपली शिबिरे बहुधा वर्गांसारखी चालतात, आणि मुलांनी मुलांकडून शिकण्याचा मोकळा वेळ त्यांत कमी असतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले मात्र दोन्ही बाजू एकाच वेळी अनुभवू शकतात, कारण आठवड्याच्या शेवटी तबला किंवा गायन शिकणारे मूल शाळेत अनेकदा चेलो किंवा क्लॅरिनेटही वाजवत असते.

या शिबिरांवरील सर्वांत गंभीर आक्षेप खर्चाचा आहे. काही आठवड्यांचे निवासी शुल्क, प्रवास, चांगले वाद्य आणि निवडीसाठी पाठवावयाचे ध्वनिमुद्रण तयार करून घेणाऱ्या खासगी शिक्षकाची फी, हे सगळे मिळून सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबाला झेपत नाही. शिष्यवृत्त्या असतात, काही मोजक्या शिबिरांत निवड झालेल्या सर्वांचे शुल्क माफही असते. तरी निवडीपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारी वर्षानुवर्षांची शिकवणी कोणतीही शिष्यवृत्ती भरून देत नाही. सरकारी शाळेतील मुलांना एकत्र आणण्यासाठी मॅडीने जे आरंभले, ते शाळांतील संगीतशिक्षणाचा खर्च जेथे जेथे कापला गेला तेथे तेथे पुन्हा सुस्थितीतील घरांकडे सरकले, आणि याचे उत्तर शिबिरांच्या हातात फारसे नाही. ते शाळांच्या अंदाजपत्रकात आहे.

शिबिर संपल्यानंतरचे आठवडे बहुतेक मुलांना अवघड जातात. सकाळपासून रात्रीपर्यंत कानावर पडणारा आवाज एकाएकी थांबतो, शाळेचा वाद्यवृंद विरळ आणि बेसूर वाटू लागतो, आणि पूर्वी ज्यांच्याबरोबर आनंदाने वाजवले त्या मित्रांविषयी मनात नकळत तुच्छता डोकावते. जाणते शिक्षक या काळात मुलाला मोकळे सोडत नाहीत. ते त्याच्याकडे व्हायोलाच्या गटाची तालीम सोपवतात, धाकट्या मुलाची रीड घासून देण्यास सांगतात, गावातील आणखी तिघांना गाठून चौकडी उभी करायला लावतात. शिबिरांतून गेलेल्यांपैकी पुष्कळ जण पुढे व्यावसायिक वादक होत नाहीत. ते डॉक्टर, अभियंते, शिक्षक होतात आणि संध्याकाळी आपल्या शहरातील हौशी वाद्यवृंदात, अनेकदा मागच्या एखाद्या आसनावर बसून, दुसऱ्या व्हायोलिनचा भाग वाजवतात. अमेरिकेतील कितीतरी लहान शहरांत असे हौशी वाद्यवृंद चालतात, आणि शाळेतून बाहेर पडून तेथे येणाऱ्या नव्या मुलाला गजाची दिशा पेन्सिलीने खुणावून देणारे शेजारी त्याला त्यांच्यातच भेटतात.